काजळीची साक्ष : बंगळुरूच्या एका संवेदकाची वीस वर्षे

टपाल व तार खात्याचा जड, काळा टेलिफोन ज्यांनी वापरला आहे त्यांना एक सवय आठवत असेल. आवाज खरखरू लागला, किंवा पलीकडून “जरा मोठ्याने बोला” असे दोनदा ऐकू आले, की हातातला रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटायचा. हा उपाय अडाणी नव्हता. बोलण्याच्या बाजूला जाळीमागे एक चपटी डबी असे, तिच्यात कोळशाचे बारीक दाणे भरलेले असत आणि ते एकमेकांना चिकटून घट्ट बसले की टेलिफोन जणू बहिरा होई. आपटल्याने दाणे सुटे होत. स्वतंत्र भारतात असे टेलिफोन बनवणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ही कंपनी १९४८ साली बंगळुरूत स्थापन झाली. तिच्या कारखान्याभोवतीच्या वसाहतीचे नावच दूरवाणीनगर आहे. त्याच वर्षी त्याच शहरात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपली संशोधन संस्था सुरू केली. या दोन घटनांचा परस्परांशी तेव्हा काहीच संबंध नव्हता. परंतु पंचावन्न वर्षांनी रामन संस्थेतील एक सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आणि शेजारच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एक प्राध्यापक व त्यांचा विद्यार्थी अशा तिघांनी मिळून कार्बनच्या भुकटीतून येणाऱ्या एका विद्युत्संकेताचा अर्थ शोधण्याचा प्रयत्न केला. त्या संकेतावरून तेल अवीवजवळच्या रेहोवोतपासून नानजिंगपर्यंत दोन दशके वाद चालला. त्या वादाची ही हकीकत आहे.

ती नीट समजण्यासाठी आधी कोळशाच्या दाण्यांकडे परत जाऊ. आवाजाने पडदा हलतो, दाणे दाबले जातात, त्यांचे एकमेकांशी स्पर्श वाढतात आणि विद्युत्‌रोध घटतो. दाब सुटला की रोध पुन्हा वाढतो. या सगळ्यात कोळसा स्वतः बदलत नाही. बदलतो तो दोन दाण्यांमधला सांधा. डेव्हिड ह्यूज यांनी १८७८ मध्ये लंडनमध्ये ही गोष्ट दाखवली तेव्हा त्यांची साधने पाहून हसू यावे इतकी ती साधी होती. दोन खिळ्यांवर सैलसा आडवा ठेवलेला तिसरा खिळासुद्धा ‘ऐकू’ शकत होता. त्याच वर्षी यॉर्कशायरमधील हेन्री हनिंग्ज या धर्मोपदेशकाने सुट्या कोळशाच्या दाण्यांच्या ट्रान्समीटरचे पेटंट घेतले. जगभरच्या टेलिफोनांत पुढे अनेक दशके राहिले ते दाण्यांचेच तंत्र. संवेदकाच्या इतिहासातला हा पहिला धडा पुढच्या पिढ्यांना पुन्हापुन्हा गिरवावा लागला: यंत्रातून आलेली खूण नेमकी कुणाची, पदार्थाची की पदार्थाच्या जोडाची?

आता काजळी. दिव्यावर धरलेल्या वाटीच्या बुडाशी जमणारी काजळी आपल्याकडे डोळ्यांत गेली आणि मशी होऊन पोथ्यांवर उतरली. कारखान्यात तिचेच भावंड ‘कार्बन ब्लॅक’ या नावाने तयार होते आणि टायरच्या रबरात मिसळले जाते. टायर काळे असतात ते त्यामुळे. हिचे मूळ कण काही दशक नॅनोमीटर आकाराचे असतात. ‘नॅनो’ हा शब्द विज्ञानात रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस हे कण हाताळत आला आहे. रबर किंवा दुसरे कुठलेही साधे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, हे विद्युत्‌रोधक. त्यात काजळी थोडीथोडी मिसळत गेलो तर बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग एका ठराविक प्रमाणाच्या आसपास रोध एकदम हजारो-लाखो पटींनी कोसळतो. कणाला कण लागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी पूर्ण होते, तो हा क्षण. या ‘झिरपण्याचे’ गणित सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्स्ले यांनी १९५७ मध्ये मांडले. गंमत अशी की ब्रॉडबेंट यांच्यापुढचा मूळ प्रश्न विजेचा नव्हताच. वायुरोधक मुखवट्यातल्या सच्छिद्र कार्बनमधून वायू कसा वाट काढतो, हा होता. पुन्हा कोळशाचे दाणेच.

साखळी तुटण्याच्या बेतात असलेला असा काळा पापुद्रा फार हळवा असतो. त्यात एखादी वाफ शिरली की पॉलिमर किंचित फुगतो, कण एकमेकांपासून दूर जातात आणि रोध वाढतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेथन लुईस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात याच गुणावर ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ उभारले. त्यांची कल्पना अशी होती की एका वाफेसाठी एक अचूक संवेदक शोधत बसण्याऐवजी वेगवेगळ्या पॉलिमरांचे अनेक पापुद्रे शेजारीशेजारी मांडावेत. प्रत्येक पापुद्रा प्रत्येक वाफेला थोडाफार प्रतिसाद देईल. ओळख पटेल ती सगळ्यांच्या मिळून उमटणाऱ्या आकृतिबंधावरून. आपले नाकही काहीसे असेच चालते. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने अशा बत्तीस पापुद्र्यांचे उपकरण ऑक्टोबर १९९८ मध्ये अंतराळयानातून पाठवले. सत्त्याहत्तर वर्षांचे जॉन ग्लेन ज्या उड्डाणात होते तेच हे उड्डाण. हवेत घातक वायू मिसळला तर इशारा द्यावा, ही त्या उपकरणाकडून अपेक्षा. सुदैवाने तसा वायू मिसळला नाही. उपकरणाने नोंदवले ते दोनच प्रकारचे बदल: अंतराळवीर चाचणीसाठी मुद्दाम रोज उघडत त्या अल्कोहोलच्या पुसण्या, आणि हवेतली आर्द्रता. आर्द्रता हा या सगळ्या घराण्याचा जुना दोष आहे. विचारावे एक आणि साक्षीदाराने सांगावे दुसरेच, असे तिच्यामुळे सहज घडते.

याच सुमारास कार्बनचे एक नवे रूप प्रयोगशाळांत शिरले होते. जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये विद्युत्‌ज्योतीत जळलेल्या ग्रॅफाइटच्या अवशेषांत अतिसूक्ष्म नळ्या पाहिल्या आणि १९९३ मध्ये एकाच थराच्या नळ्याही हाती आल्या. बंगळुरूत जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात प्राध्यापक सी. एन. आर. राव यांच्या गटाने या नळ्या बनवण्याचे काम त्याच दशकात हाती घेतले होते. २००१ मध्ये केंद्र सरकारने नॅनोविज्ञानासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्याचेच पुढे २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांच्या ‘नॅनो मिशन’मध्ये रूपांतर झाले. पैसा मोठा नव्हता, पण वेळ योग्य होती.

भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अजय सूद हे मुळात प्रकाशाच्या विकिरणातून पदार्थ वाचणारे. आज ते भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार म्हणून अधिक ओळखले जातात. तेव्हा ते विद्यार्थ्यांसह कार्बन नळ्यांच्या मागे लागले होते. इस्रायलमध्ये रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतून पेत्र क्राल आणि मोशे शापिरो यांचे एक भाकीत २००१ च्या आरंभी प्रसिद्ध झाले होते. वाहत्या द्रवात धातुगुणी कार्बन नळी बुडवली तर द्रवाचा रेटा नळीच्या कंपनांतून इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचेल आणि नळीत विद्युत्‌प्रवाह सुरू होईल, असे ते गणित सांगत होते. यात पाते फिरत नाही, चुंबक नाही. फक्त वाहणारे पाणी आणि स्थिर कार्बन. सूद आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी शंकर घोष यांनी ते करून पाहायचे ठरवले. घोष पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. तिसरे सहकारी होते रामन संस्थेचे तत्कालीन संचालक नरेंद्र कुमार.

प्रयोग वर्णनाला सोपा आहे. एकथरी नळ्यांच्या जुड्या दोन धातूच्या टोकांमध्ये दाबून बसवायच्या, हा मिलिमीटरच्या मापाचा काळा ठिपका नलिकेत ठेवायचा, त्यावरून द्रव सोडायचा आणि दोन टोकांमधले विद्युत्‌दाबाचे अंतर मोजायचे. मोजमाप मिलिव्होल्टच्या घरातले. ज्यांनी असे काम केले आहे त्यांना ठाऊक असते की या पातळीवर कशाहीमुळे आकडा दिसू शकतो: तापमानातला किंचित फरक, टोकांवरचा गंज, तारेचा हालता सांधा. त्यामुळे ‘आकडा आला’ यात बातमी नव्हती. बातमी होती त्या आकड्याच्या वागण्यात. भाकिताप्रमाणे प्रवाहाचा वेग दुप्पट केला तर दाबही दुप्पट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो वेगाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढत होता. वेग दहापट केला की दाब एक पायरी चढे. आणखी दहापट केला की तेवढीच आणखी एक पायरी. आणि ही शिस्त वेगाच्या जवळजवळ सहा दशपटींपर्यंत टिकली. म्हणजे सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान प्रवाहांत सुमारे दहा लाखांचे गुणोत्तर असतानाही. द्रवात आयन किती आहेत आणि त्याचे रेणू किती ध्रुवीय आहेत यावरही दाब ठळकपणे अवलंबून होता. हे निष्कर्ष फेब्रुवारी २००३ च्या ‘सायन्स’मध्ये आले. शीर्षक तीन-चार शब्दांचे होते: कार्बन नॅनोट्यूबचे प्रवाह-संवेदक.

भाकीत खरे ठरले आणि त्याच वेळी खोटेही ठरले, असा हा प्रकार होता. वीज मिळाली, पण सांगितलेल्या रीतीने नाही. घोष, सूद आणि कुमार यांनी दुसरी रीत सुचवली. वाहत्या द्रवातले आयन आणि ध्रुवीय रेणू सतत थरथरत असतात. त्यांचे विद्युत्‌क्षेत्र नळीतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना थेट धक्के देते. धक्के कसेही बसत असले तरी प्रवाहामुळे दोन दिशांतली समानता मोडते आणि, एकाच बाजूला फिरू देणाऱ्या दातेरी चाकाप्रमाणे, इलेक्ट्रॉन एका दिशेला सरकत राहतात. नरेंद्र कुमार यांच्यासारख्या सिद्धांतकाराचा हात या चित्रात स्पष्ट दिसतो.

लगेच येणारी शंका जुनी होती. विद्युत्‌भारित भिंतींच्या अरुंद वाटेतून द्रव ढकलला की तो भिंतीलगतचे आयन वाहून नेतो आणि दोन टोकांत विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग क्विंके यांनी १८५९ मध्येच दाखवले होते. नळ्यांच्या जुड्यांमध्ये अरुंद वाटा भरपूर. मग बंगळुरूची वीज म्हणजे हाच जुना परिणाम नव्या वेशात कशावरून नसेल? या गटाचे २००४ मधले सविस्तर उत्तर मला मूळ निबंधापेक्षाही जास्त आवडते. त्यात श्रीराम रामस्वामी हे चौथे नाव आले. क्विंके-परिणाम प्रवाहाबरोबर सरळ प्रमाणात वाढतो. इथे तर वेगाच्या मोठ्या पल्ल्यात लॉगरिदमसारखी वाढ. शिवाय नळ्यांना विद्युत्‌रासायनिक रीतीने थोडा बाहेरचा दाब दिला की निर्माण होणाऱ्या विजेची दिशाच हवी तशी बदलता येत होती. पाणी त्याच दिशेने वाहते आहे आणि वीज उलटी. दातेरी चाकाच्या जागी आता अधिक काटेकोर गणित आले: सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनाला द्रवातली थरथर, पुढून जाणाऱ्या गाडीच्या शिटीसारखी, किंचित बदललेल्या लयीत भासते, आणि त्या फरकातून सरळ प्रमाणापेक्षा मंद वाढणारा प्रतिसाद निघतो.

त्याच वर्षी सूद आणि घोष यांनी द्रवाऐवजी वायू सोडून पाहिला. इथे उलगडा अगदी वेगळा निघाला. वायूच्या प्रवाहात दाबाच्या फरकामुळे नमुन्याच्या दोन टोकांत तापमानाचा फरक पडतो आणि तापमानाच्या फरकातून वीज निर्माण होते. एक अठराव्या शतकातला बर्नुलीचा नियम, दुसरा एकोणिसाव्या शतकातला सीबेकचा परिणाम. ही वीज साध्या ग्रॅफाइटमधून आणि सिलिकॉन-जर्मेनियममधूनही मिळाली, आणि तसे त्यांनी स्वच्छ लिहिले. नॅनोनळीचा जयजयकार चालू असताना ‘या खेपेस नळीचे काही विशेष नाही’ असे त्याच प्रयोगशाळेने छापणे, हे त्या काळात तितकेसे सामान्य नव्हते.

लॉगरिदमविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण पुढचा घोटाळा तिथेच सुरू होतो. संवेदकासाठी हे नाते वरदान आहे. अतिमंद प्रवाहही खूण उमटवतो आणि वेग लाखपट वाढला तरी काटा मापाबाहेर जात नाही. आपले कान आवाजाची तीव्रता जवळपास अशाच रीतीने ऐकतात. जनित्रासाठी मात्र तेच नाते निराशाजनक आहे, कारण पाणी कितीही जोरात सोडले तरी विजेत भर पडते ती नाममात्र. २००३ च्या निबंधात संवेदक आणि ऊर्जारूपांतर अशा दोन्ही शक्यतांचा उल्लेख होता. जगाने मुख्यतः दुसरीच ऐकली. वाहत्या पाण्यातून फुकट वीज ही कल्पना मोहक असतेच.

मोहाचा कळस २०११ मध्ये झाला. तोवर ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा, सर्वांच्या ओठांवर होता. मुंबईच्या आयआयटीत शिकून न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय येथील रेन्सेलेअर संस्थेत गेलेले निखिल कोरटकर आणि पुलिक्कल अजयन यांच्या गटाने ‘नॅनो लेटर्स’मध्ये लिहिले की सुमारे तीस बाय सोळा मायक्रॉनच्या ग्राफीनवरून हायड्रोक्लोरिक आम्लमिश्रित पाणी वाहवले असता सुमारे २० मिलिव्होल्ट मिळतात, क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही शक्ती चौरस मीटरला १७५ वॅटच्या आसपास. छपरावरच्या चांगल्या सौरतावदानाला भर उन्हात जेवढी साधते, जवळपास तेवढी. अर्थात ग्राफीनचा तुकडा धुळीच्या कणाएवढा होता, आणि धुळीच्या कणावरून चौरस मीटरवर उडी मारणारा कुठलाही आकडा जपूनच वाचावा.

चीनमध्ये नानजिंगच्या वैमानिकी व अंतराळविज्ञान विद्यापीठात जुन यिन हा तरुण संशोधक आणि त्याचे मार्गदर्शक वानलिन ग्वो यांनी तो जपून वाचला. त्यांनी ग्राफीनचे सेंटिमीटरभर मोठे तुकडे घेतले आणि एकच साधी गोष्ट केली: ग्राफीनला जोडलेली धातूची टोके झाकून टाकली, म्हणजे आम्लाचा स्पर्श फक्त ग्राफीनला व्हावा. मोजता येईल इतकी वीज आली नाही. टोके पुन्हा उघडी केली, तर काही मिलिव्होल्टपासून शंभराहून अधिक मिलिव्होल्टपर्यंत वीज आली. वीज धातू आणि आम्ल यांच्या जोडातून येत होती. ग्राफीन दोन टोकांना जोडणाऱ्या तारेचे काम करत होते. २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात हा निबंध आला. त्याचे शीर्षक ट्रॉयच्या निबंधाचेच होते, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावलेले.

पुन्हा ह्यूजचे तीन खिळे आणि सैल सांधा. नानजिंगचा निष्कर्ष शब्दांत इतका व्यापक होता की त्याची सावली आयनयुक्त पाण्यात बुडवलेल्या सगळ्याच कार्बनवर पडली, बंगळुरूच्या नळ्यांवरही. पण ही गोष्ट इथे ‘भारतीय दावा, चिनी खंडन’ अशी आटोपणे चुकीचे होईल. नानजिंगचा प्रयोग बंगळुरूच्या प्रयोगाची पुनरावृत्ती नव्हता. पदार्थ, माप आणि रचना तिन्ही वेगळी होती. लॉगरिदमचे ते नाते, आणि बाहेरच्या दाबाने विजेची दिशा उलटवता येणे, यांचा हिशेब केवळ ‘टोके उघडी होती’ एवढ्याने लागत नाही. शिवाय ग्वो यांचा गट नकार देऊन थांबला नाही. २०१४ मध्ये त्यांनीच दाखवले की ग्राफीन पूर्ण बुडवण्याऐवजी त्यावरून खाऱ्या पाण्याचा एक थेंब सरकवला तर काही मिलिव्होल्ट खरोखर मिळतात. थेंबाच्या पुढच्या कडेला आयनांचा थर नव्याने बसतो आणि मागच्या कडेला तो उठतो. या चढउतारात ग्राफीनमधला विद्युत्‌भार ओढला जातो. ज्यांनी वीज नाकारली त्यांनीच ती दुसऱ्या वाटेने सिद्ध केली.

संशोधनाच्या वाटेवरील विद्यार्थ्यांनी या साखळीतला एक तपशील पाहावा. जवळजवळ प्रत्येक वळणावर प्रत्यक्ष हात चालवणारा माणूस पीएच.डी.च्या वयाचा आहे. ठिपका दाबून बसवणे, टोके झाकणे, पुन्हा उघडणे, थेंब सरकवणे, ही कामे त्या वयातच होतात, आणि चूक सापडते तीही बहुधा तिथेच. भारतात अशा कामासाठी लागणारी स्वच्छ दालने फार थोड्या ठिकाणी आहेत. भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी आपली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची दालने बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुली करण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न पॅरिसला पोहोचला आहे. तिथल्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये लिदेरिक बोके यांच्या गटापुढचा प्रश्न वेगळाच होता: पाणी कार्बनच्या नळ्यांतून इतके सहज का घसरते, आणि ग्रॅफाइटवर मात्र का अडखळते? निकिता काव्होकिन यांच्यासह त्यांनी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले की पाण्याच्या विद्युत्‌भारातली थरथर आणि कार्बनमधल्या इलेक्ट्रॉनांची थरथर एकमेकींत गुंतते आणि त्यातून एक प्रकारचे क्वांटम घर्षण निर्माण होते. घर्षण म्हटले की दोन बाजू आल्या. पाण्याला इलेक्ट्रॉन अडवत असतील तर पाणीही इलेक्ट्रॉनांना ओढत असणार. बातिस्त कोकिनो या विद्यार्थ्याने त्यांच्यासह २०२३ मध्ये त्या ओढीचे गणित पूर्ण केले, आणि त्याच वर्षी त्याच संस्थेतल्या प्रयोगात सूक्ष्म थेंब ग्राफीनच्या थरांवरून ओढून निर्माण होणारी वीज मोजली गेली. द्रवाच्या थरथरत्या विद्युत्‌क्षेत्राचा इलेक्ट्रॉनांना थेट धक्का, हे शब्द वीस वर्षांपूर्वी बंगळुरूत लिहिले गेले होते. नरेंद्र कुमार २०१७ मध्ये निवर्तले. पॅरिसच्या समीकरणांत वेग आणि वीज यांचे नाते पुन्हा सरळ प्रमाणाचे निघते; सहा दशपटी टिकलेली ती लॉगरिदमची पायरी मात्र अजून त्यांच्या हिशेबाबाहेर उभी आहे.